लाल अक्षरातला आकडा आणि मलप्रभेचं गढूळ पाणी

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. पत्नी 31 वर्षांच्या. 2022 मध्ये उजव्या डोळ्याची नजर अंधुक झाली, आठ महिन्यांनी पाय जड पडले. एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं; यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब चालू आहे, तेव्हापासून आजाराचा नवीन अटॅक नाही. मे महिन्यात एका लॅबच्या पॅकेजमध्ये 'न्यूरोफिलामेंट लाइट चेन' 13.8 आलं आणि पुढे लाल अक्षरात 'हाय' छापलेलं. घाबरून पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर 9.1, 'नॉर्मल'. सोबत ईएसआर 38, हिमोग्लोबिन 9.4, ड जीवनसत्त्व 14. ते विचारतात: खरा आकडा कोणता? बेळगावला येऊन एमआरआय करण्याऐवजी दर तीन महिन्यांनी हीच रक्ततपासणी केली तर चालेल का? आणि 'एक्यूपी4' ही अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली होती, ती पुन्हा करून घ्यावी का? शेवटी लिहितात, एप्रिलअखेर जांबोटीच्या रस्त्यावर दोघंही स्कूटरवरून पडलो, मंडळींच्या डोक्याला खोक पडून दोन टाके पडले, बाकी ठीक.

सर, तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. त्या स्कूटरकडे येते. पण आधी हे न्यूरोफिलामेंट म्हणजे काय ते सांगते, कारण रिपोर्ट हातात देणारा ते सांगत नाही.

मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशीला एक लांब धागा असतो, त्यातून संदेश जातो. धागा उभा राहावा म्हणून आत प्रथिनांची चौकट असते, मांडवाला आतून बांबू असतात तशी. न्यूरोफिलामेंट लाइट चेन, आम्ही बोलताना एनएफएल म्हणतो, हा त्या चौकटीतला एक बांबू. धागा तुटला की त्याचे तुकडे पाठीतल्या पाण्यात उतरतात आणि तिथून थोडेसे रक्तात झिरपतात. रक्तातलं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा चाळीसेक पटींनी कमी. ते मोजायचं पिकोग्रॅममध्ये: एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. 2010 नंतर एकेक रेणू मोजणारी यंत्रं आली म्हणून हे रक्तात दिसू लागलं. त्याआधी प्रत्येक वेळी पाठीत सुई घालावी लागली असती, आणि दर सहा महिन्यांनी त्याला कोण तयार होणार?

आता तुम्ही खानापूरचे, म्हणून नदीवरून सांगते. पावसाळ्यात पुलावर उभं राहून मलप्रभेचं पाणी बघा. लाल गढूळ आलं की कळतं, वर कणकुंबीकडे कुठेतरी माती वाहून गेली. कुणाच्या शेताचा बांध फुटला ते पाण्यावरून कळत नाही. पावसानं फुटला की कुणी जेसीबी लावला तेही कळत नाही. आणि एखाद्या लहानशा ओहोळाकाठची माती खचली तर पुलापर्यंत पाणी स्वच्छही दिसेल. एनएफएल हे पुलावरचं पाणी आहे. नुकसान झालं एवढंच ते सांगतं. दाहानं झालं, माराने झालं, रक्तपुरवठा थांबून झालं की मानेतला मणका दाबला जाऊन झालं, यातला फरक त्याला करता येत नाही.

म्हणून स्कूटर. डोक्याला मार लागल्यावर एनएफएल काही दिवसांत ते आठवड्यांत चढत जातं आणि उतरायला आणखी काही आठवडे, कधी महिने घेतं. वहिनींचं पहिलं रक्त पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काढलेलं दिसतंय. दोन टाक्यांच्या जखमेनं आकडा एवढा वाढलाच असेल असं मी म्हणणार नाही, पण त्या काळातला आकडा एमएसच्या हिशेबात धरता येत नाही. रक्त घेणाऱ्यानं 'गेल्या तीन महिन्यांत पडलात का, डोक्याला मार लागला का' एवढं विचारलं असतं तर तुमची महिनाभराची झोप वाचली असती.

मग 9.1 खरा का? तोही सुटा घेऊ नका. दोन लॅबची यंत्रं वेगळी, रसायनं वेगळी, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत. 13.8 वरून 9.1 हा उतार आहे की फक्त पट्टी बदललीय, हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय दोन्ही रिपोर्टवर 'नॉर्मल' ची एकच मर्यादा सगळ्या वयांना छापलेली असेल तर तीही फारशी कामाची नाही. एनएफएल निरोगी माणसातही वयाबरोबर वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी वाढतं, साठीनंतर आणखी वेगानं. किडनी कमजोर असेल तर वाढतं. अंगानं स्थूल माणसात मात्र उलट, कमी दिसतं. तिशीतल्या बाईत दहाच्या आसपासचा आकडा आणि सत्तरीतल्या आजोबांत वीस, यात आजोबांना काही झालंय असं होत नाही. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गटानं पाच हजारांहून अधिक निरोगी लोकांचे आकडे घेऊन वय आणि वजनाप्रमाणे तुलना करायची पद्धत दिली, तेव्हापासून नुसत्या आकड्यापेक्षा 'या वयाच्या, या बांध्याच्या माणसांत तुम्ही कुठे बसता' असं वाचतात. तुमच्या लॅबला विचारा, असा वयानुसार रिपोर्ट देतात का. देत नसतील तर निदान दर वेळी त्याच एका लॅबमध्ये करा.

याचा अर्थ तपासणी बिनकामाची असा लावू नका. औषध सुरू करण्यापूर्वी एक आणि सहा महिन्यांनी एक, एकाच ठिकाणी केली, तर उतार दिसतो, आणि उतार नसेल तर मी एमआरआय लवकर मागते. अटॅक आला की नुसता तापामुळे जुना त्रास उफाळला, अशा गोंधळातही तिची मदत होते. अथणी-रायबागकडचे पेशंट एप्रिल-मेमध्ये येतात, 'पाय परत गेले डाक्टर' म्हणत. ऊन, ताप, लघवीतला संसर्ग यांनी जुनी जागा तात्पुरती ढिली पडते. नवीन धागे तुटत नाहीत, म्हणून एनएफएलही वाढत नाही. पण रिपोर्ट यायला आठवडाभर जातो आणि स्टिरॉइड द्यायचं की नाही हे मला त्याच दिवशी ठरवायचं असतं. तेव्हा पहिल्यांदा लघवीची तपासणी आणि सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, आणि ती इथे तासाभरात होते. सीआरपीचा एमएसमध्ये एवढाच उपयोग: संसर्ग शोधायला.

ईएसआर, म्हणजे नळीत रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, त्याचंही तेच. नसांचा दाह ईएसआरमध्ये दिसतो ही समजूत आपल्याकडे पक्की बसलीय, कारण सांधेदुखीच्या पेशंटना दर महिन्याला तेच मोजायची सवय. एमएसमध्ये दाह मेंदूच्या भिंतीआड चालतो, बाहेरच्या रक्तात त्याचा गाजावाजा होत नाही. वहिनींचा 38 बहुतेक हिमोग्लोबिन 9.4 मुळे आलाय. रक्त कमी असलं की ईएसआर चढतो. थकव्याचं खापर एमएसवर फोडण्याआधी ते हिमोग्लोबिन वर आणा. आणि आपल्या भागात शाकाहारी घरं बरीच, तेव्हा बी12 एकदा बघाच. त्याच्या कमतरतेनंही पाय बधिर होतात आणि मज्जारज्जूच्या एमआरआयवर डागही दिसतो. ड जीवनसत्त्व 14 कमी आहे, भरून काढा, पण तो आजाराचा मोजमाप काटा नव्हे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला जरा वेळ देते, कारण इथे मी स्वतः चुकलेय.

एक्यूपी4 म्हणजे अॅक्वापोरिन-4, मेंदूतल्या आधारपेशींवरची पाण्याची वाट. तिच्याविरुद्ध अँटिबॉडी सापडली तर आजार एमएस नसतो, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका असतो, म्हणजे मुख्यतः डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर घाला घालणारा वेगळा आजार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये युजीन देविक यांनी त्याचं वर्णन केलं, आणि नंतर शंभर वर्षं तो एमएसचाच एक प्रकार समजला गेला. 2004 मध्ये व्हँडा लेनन यांच्या गटानं रक्तातली ही अँटिबॉडी दाखवली आणि पुढच्या वर्षी तिचं लक्ष्य अॅक्वापोरिन-4 असल्याचं, तेव्हा दोन आजार वेगळे झाले. हा फरक शब्दांचा नाही. एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, न्यूरोमायलायटिसमध्ये आजार भडकवू शकतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी चिकोडीकडची एक बाई माझ्याकडे आली होती. कंबरेखाली पूर्ण लुळी. दोन दिवस स्टिरॉइडनं फरक पडेना म्हणून प्लाझ्मा बदलायला घेतला, आणि अँटिबॉडीचं रक्त मी पाचव्या दिवशी पाठवलं. निगेटिव्ह आलं. येणारच होतं, प्लाझ्मा बदलल्यावर अँटिबॉडी रक्तात उरते किती! मी कागदावर विसंबले, एमएस धरून इंटरफेरॉन सुरू केलं. चार महिन्यांत एक डोळा गेला. तेव्हा पुन्हा पाठवलेलं रक्त पॉझिटिव्ह आलं. त्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. तेव्हापासून माझ्या वॉर्डातला नियम: पहिलं सलाइन लावतानाच एक जादा ट्यूब भरायची, सीरम वेगळं करून फ्रिजमध्ये ठेवायचं, मागाहून पाठवायची गरज पडो न पडो.

तुमच्या बाबतीत बघायचं ते हे: निगेटिव्ह रिपोर्टवर पद्धत कोणती लिहिलीय? 'सेल बेस्ड अॅसे' असेल, रक्त उपचाराआधी काढलं असेल, तर पुन्हा करू नका. 'एलायझा' लिहिलं असेल तर एकदा सेल बेस्ड पद्धतीनं करून घ्या. एलायझात काही पॉझिटिव्ह निसटतात आणि काही खोटे पॉझिटिव्हही येतात. त्याच ट्यूबमध्ये 'मॉग' अँटिबॉडीची, म्हणजे धाग्यांच्या आवरणावरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची, तपासणीही होते. तिच्यात अगदी कमी पातळीचा पॉझिटिव्ह आला तर मात्र हुरळून जाऊ नका, तो खऱ्या एमएसमध्येही कधी कधी दिसतो. वहिनींच्या पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे तिथेच तयार झालेल्या अँटिबॉडींचे पट्टे, होते असं तुम्ही पाठवलेल्या कागदात दिसतंय, ते एमएसच्या बाजूनं बोलतं. न्यूरोमायलायटिसमध्ये ते फार थोड्यांत सापडतात.

आणि पॉझिटिव्ह असणाऱ्यांनाही सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. एक्यूपी4 ची पातळी दर सहा महिन्यांनी मोजून पुढचा अटॅक कळत नाही. काहींची पातळी अनेक वर्षं चढीच असते आणि अटॅक येत नाही. ती आजार ओळखायची खूण आहे, आजारावर पाळत ठेवायची नाही. बँडचंही तसंच: एकदा आले की बहुधा जन्मभर राहतात, औषधानं आजार शांत झाला तरी. ते पुन्हा बघायला पाठीत सुई कुणी सुचवली तर 'कशासाठी?' एवढंच विचारा. मॉगचं थोडं वेगळं आहे. ती अँटिबॉडी काहींत, विशेषतः लहान मुलांत, नाहीशी होते, आणि टिकून राहिली तर पुन्हा आजार उलटण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षभरानं एकदा बघायला अर्थ आहे.

न्यूरोमायलायटिसमध्ये अटॅकच्या वेळी जे खरोखर उसळतं ते जीएफएपी, आधारपेशींचं प्रथिन. एमएसमध्ये ते हळूहळू वाढत जाणाऱ्या अपंगत्वाशी जुळतं असं गेल्या काही वर्षांत दिसतंय. पण अजून मी त्यावर कुणाचं औषध बदलत नाही.

आता एमआरआय. तो टाळायचा विचार सोडा. नदीचं पाणी कितीही निरखलं तरी बांध कुठे फुटला हे बघायला वर चालत जावंच लागतं. एमआरआयवर नवीन डाग आला का, वाढला का, एवढाच प्रश्न असतो, पण त्याचं उत्तर मिळायला मागचा आणि आताचा एमआरआय एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीनं काढलेला पाहिजे. औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक काढून तो पाया धरायचा, मग साधारण वर्षाला एक. दर वेळी रंगाचं इंजेक्शन लागतंच असं नाही. जुन्या एमआरआयशी तुलना करायची असेल तर बिनाइंजेक्शनचाही पुरतो, खर्चही कमी होतो. तुमच्या कागदांवरून दिसतं की पहिला एमआरआय कोल्हापूरला, दुसरा हुबळीला, तिसरा बेळगावात. तिन्ही वेळा रिपोर्टवर 'अनेक डाग' एवढंच लिहिलेलं. त्यातला नवीन कोणता हे मलाही ठरवता आलं नाही. दरवर्षी सवलत मिळेल तिथे काढलेल्या तीन एमआरआयपेक्षा एका ठिकाणी काढलेले दोन बरे.

आणि फिल्म नको, सीडी हवी. आपल्याकडे लोक फिल्मा जपून ठेवतात, गादीखाली, कपाटावर, खतांच्या प्लास्टिक पिशवीत. खानापूरच्या पावसात त्या एकमेकींना चिकटतात आणि उलगडताना चित्रच निघून येतं. सीडी किंवा पेनड्राइव्हवरची मूळ चित्रं संगणकावर शेजारी शेजारी लावता येतात.

रिटुक्सिमॅबसाठी मात्र काही रक्त बघावंच लागतं, आणि त्या तपासण्या तुमच्या पॅकेजमध्ये नव्हत्याच. बी पेशी, म्हणजे हे औषध ज्या पांढऱ्या पेशी कमी करतं त्या, सीडी19 नावानं रिपोर्ट येतो, औषधानं खाली गेल्या का आणि पुढच्या डोसाआधी परत आल्या का. आयजीजी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या अँटिबॉडींची पातळी, वर्षातून एकदा. ते उतरत गेलं तर न्यूमोनिया आणि लघवीचे संसर्ग वाढतात. पहिल्या डोसाआधी हिपॅटायटिस बी बघितलं होतं का ते कागदात शोधा, आणि छातीचा एक्स-रेही. आपल्याकडे दबलेला टीबी कुणाच्या छातीत असेल सांगता येत नाही. यातलं काहीही 'आजार किती आहे' ते सांगत नाही. औषध काम करतंय का आणि औषध नुकसान करतंय का, एवढंच.

पेशंट मला तेच विचारतात. हुक्केरीचा एक शेतकरी प्रत्येक वेळी म्हणतो, 'रगात तपासल्यावर आजार किती हाय त्ये कळंना व्हय?' कन्नड बोलणारे कागद बघायच्या आधी विचारतात, 'एष्टु बंतु?' किती आलं? साखरेच्या पेशंटला तीन महिन्यांची साखर कळते, थायरॉइडवाल्याला थायरॉइड, मग आम्हालाच का नाही? कारण मेंदूतली जागा महत्त्वाची असते. कपाळामागे बोराएवढा झालेला डाग कधी कधी माणसाला कळतही नाही, आणि मानेच्या मज्जारज्जूतला ज्वारीच्या दाण्याएवढा डाग हात लुळा पाडतो. रक्तात दोन्हींचा हिशेब उलटा लागेल.

म्हणून घरी करायचं एक मोजमाप देते, याला पैसे पडत नाहीत. अंगणात टेपनं 25 फूट मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा. वहिनींना सुरक्षितपणे जमेल तितक्या भरभर चालायला सांगा आणि मोबाइलवर वेळ धरा. दोनदा करून सरासरी वहीत लिहा, तारखेसह. महिन्यातून एकदा, सकाळी, एकाच चपला घालून. आधीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वेळ लागायला लागला आणि आठवडाभर तसाच राहिला, ताप किंवा लघवीची जळजळ नसताना, तर वाट न बघता या. ज्यांना चालायला त्रास नाही पण हात अडखळतात त्यांच्यासाठी नऊ खुंट्या भोकांत बसवायची चाचणी आमच्याकडे करतो. उजव्या डोळ्यासाठी वर्षातून एकदा ओसीटी. डोळ्याच्या मागच्या पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, दुखत नाही, पाच मिनिटांत होतं. त्या डोळ्याचा थर डाव्यापेक्षा पातळ असणारच, घाबरू नका. तो आणखी पातळ होत जातोय का तेवढं बघायचं.

तर वहिनींचं आता काय करायचं? एनएफएल लगेच करू नका. पडल्यापासून किमान तीन महिने जाऊ द्या, मग पहिल्या, म्हणजे 13.8 आलेल्या लॅबमध्येच एकदा करा आणि फॉर्मवर वय, वजन लिहून द्या. डोकं दुखणं वाढलं, उलट्या झाल्या, गुंगी आली तर मात्र ही वाट बघायची नाही, लगेच दाखवा. पुढचा रिटुक्सिमॅबचा डोस श्रावणाच्या सुमारास येतोय, त्याच्या आधी बेळगावातल्या त्याच यंत्रावर एमआरआय, सोबत सीडी19, आयजीजी, हिमोग्लोबिन आणि बी12. एका फेरीत सगळं बसेल असा दिवस धरा. हुबळीच्या एमआरआयची सीडी तुमच्याकडे नसेल तर त्या सेंटरला फोन करा, जुनी चित्रं काही काळ त्यांच्या संगणकात असतात. येताना ती वही आणायला विसरू नका.